सोबत आलेली बाई

आमच्या रुग्णालयातून समुद्र दिसत नाही. मध्ये माडांची एक रांग आहे, तिच्यापलीकडे शाळेची भिंत, आणि भिंतीपलीकडे थोडं चालल्यावर वाळू लागते. पण दुपारी वारा फिरला की खिडकीच्या पडद्यांना दमट खारटपणा येतो आणि झावळ्यांचा आवाज असा काही येतो, की वॉर्डात झोपलेल्या माणसांना पाऊस पडतोय असं वाटतं. एखादी म्हातारी झोपेतच विचारते, "पाऊस इलो काय गो?" मी म्हणते, "नाय, वारो आसा." ती पुन्हा झोपते.

ते दिवस शिमग्यानंतरचे होते. बाहेरची ओपीडी संपली होती, केसपेपरच्या खिडकीवर कोणी नव्हतं. काजूच्या बोंडांचा आंबूस गोड वास कुठून तरी येत होता. मी तपासणीच्या खोलीत ट्रेमधल्या सुया आणि सलाइनच्या नळ्या जागच्या जागी लावत बसले होते. डॉक्टर वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीला बघायला गेले होते. त्या दुपारची आठवण काढली की मला आधी तो उजेडच आठवतो. पांढरा, जाडसर, दुधात पाणी घातल्यासारखा. त्या उजेडात सगळं सावकाश घडल्यासारखं वाटतं. खरं तर ते फार भरभर घडलं.

एक रिक्षा थेट पायरीपर्यंत आली. चालवणारा खाली उतरायच्या आधीच ओरडला, "सिस्टर, वायच बगा ओ, काकांच्या पोटात मरणाच्या कळा येतत."

मागच्या सीटवर एक साठीपुढचा माणूस बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला होता. पायांची मुटकुळी केली होती आणि एका हाताने कमरेची उजवी बाजू घट्ट धरली होती. आचऱ्याकडची माणसं, रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जाणारं घर. रिक्षा चालवणारा त्यांचा पुतण्या. आमच्या वॉर्डातली मावशी चाकाची खुर्ची घेऊन धावली, पण म्हातारा खुर्चीत बसेना. बसवलं की उठे, उठवलं की वाके. शेवटी आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी धरून आत आणलं आणि पलंगावर घातलं. तिथेही तो स्थिर पडेना.

"आये गे, मेलंय मी," तो म्हणत होता.

त्याची बायको मागून हळूहळू आली आणि भिंतीकडच्या बाकावर बसली.

आमचं काम कसं असतं ते सांगायला हवं. माणूस समोर आला की तो काय सांगतो हे आम्ही ऐकतोच, पण त्याआधी डोळे आणि हात कामाला लागलेले असतात. श्वास नीट चाललाय का, रंग कसा आहे, कातडी गरम की गार, नाडी भरलेली की दोऱ्यासारखी, बोलताना वाक्य पुरं होतंय का. आजाराचं नाव डॉक्टर ठेवतात. आम्हाला आधी एवढंच ठरवायचं असतं की कोण थांबू शकतो आणि कोण नाही. नर्सिंगच्या शाळेत हे पाठ करून घेतलं होतं. पुढे इतक्या वर्षांत ते बोटांत उतरलं, आणि आता मी बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाचा श्वासही नकळत मोजत असते.

म्हातारा थांबू शकत होता. त्याला त्रास भयंकर होता, पण तो पूर्ण वाक्यात शिव्या देत होता, रंग चांगला होता, नाडी जोरात उडत होती. रक्तदाब वाढलेला, दुखण्याने वाढतो तसा. मी पोट चेपून पाहिलं, मऊ होतं. दोन्ही पायांच्या नाड्या पाहिल्या. कळ कमरेतून निघून खाली जांघेकडे जात होती आणि सकाळी लघवी लालसर झाली होती, असं त्याने दातओठ खात सांगितलं. मूतखडा असणार. मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी दुखण्याचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. "पाच मिनिटांत येतो," ते म्हणाले.

इंजेक्शन भरताना माझी नजर बाकाकडे गेली.

काकी पदराने नवऱ्याला वारा घालत होती. इतक्या लांबून तो वारा त्याला लागणं शक्यच नव्हतं, तरी हात चालू होता. मग हात थांबला आणि मांडीवर पडला. तिने डोळे मिटले, उघडले. कपाळावर घाम होता. घाम सगळ्यांनाच आला होता, पण तिचा घाम वेगळा होता. उन्हाचा घाम चेहरा लाल करतो. तिच्या चेहऱ्यावर राखेचा हात फिरवल्यासारखं झालं होतं, आणि ओठांचा रंग गेला होता.

मी म्हाताऱ्याला इंजेक्शन दिलं, मावशीला त्याच्याजवळ उभं केलं आणि बाकापाशी गेले.

"काकी, तुका बरा वाटणा नाय काय?"

"ह्यांका आधी बघ गो बाय. माझा काय नाय."

"ह्यांका इंजेक्शन दिलंय. आता तुझो हात दी बघू."

तिने हात दिला. तो हात अजून माझ्या लक्षात आहे. तळव्याला मासळी कापून कापून पडलेले जुने चरे, बोटांना खवल्यांचा वास, आणि ओला गार. विहिरीतून नुकत्याच काढलेल्या कळशीसारखा गार. नाडी सापडायला वेळ लागला. सापडली तेव्हा ती फार सावकाश चालत होती, मध्येच विचार करत थांबल्यासारखी.

"छातीत दुखता?"

"दुखणा नाय."

"मगे काय होता?"

"वायच जड वाटता. पित्त झाला असतला. सकाळी पेज खाल्लंय ती वर वर येता."

"सकाळधरना?"

"बाजारात बसलंय तेवापासून. हयसून हय जाता," असं म्हणून तिने पोटाच्या वरच्या खळगीवरून जबड्यापर्यंत बोट नेलं. अगदी सहज, दुसऱ्याच कुणाचं दुखणं दाखवावं तसं.

"कोणाक सांगलंस?"

"कोणाक सांगतलंय? हेंची ही गत."

मी तिला उठू दिलं नाही. मावशीला हाक मारून चाकाची खुर्ची आणवली आणि तिला शेजारच्या पलंगावर घेतलं. पुतण्या दारातच उभा होता. तो गोंधळला, थोडा चिडलाही. "ओ सिस्टर, पेशंट काका आसत. काकीक कित्याक झोपवतास?"

"दोघांकय बघतंव आमी," मी म्हटलं. "तू बाहेर बस. आणि रिक्षा पायरीवरसून काढ, ॲम्ब्युलन्स लागात कदाचित."

ॲम्ब्युलन्स म्हटल्यावर तो रिक्षा काढायला धावला.

रक्तदाब कमी होता. मी ईसीजीच्या पट्ट्या लावल्या. लावताना तिने चोळीची गाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मी पडदा ओढला, चादर वर घेतली, म्हटलं, "काकी, मी बाईमाणूसच आसंय." तेव्हा तिने हात सोडले. मशीनमधून कागद सरकत बाहेर आला. त्या रेघा मी शेकडो वेळा पाहिल्या असतील. चांगल्या हृदयाची रेघ टेकडी चढून पुन्हा सपाट वाटेवर येते. हिची वाटेवर येतच नव्हती. चढून तशीच वर राहत होती. हृदयाच्या खालच्या बाजूचं रक्त अडलं होतं.

तेवढ्यात डॉक्टर आले. ते म्हाताऱ्याच्या पलंगाकडे वळले, आणि मी कागद त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी कागद पाहिला, म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग कागदावरचं वय आणि बाईचं नाव वाचलं. "ह्या कोण?"

"त्यांच्या सोबत आलेल्या आहेत," मी म्हटलं.

पुढचं सगळं एकामागून एक झालं. ॲस्पिरिनची गोळी चावून खायला दिली. तिने तोंड वाकडं केलं, पण चावली. हाताला सुई लावली, सलाइन हळू सोडलं. जिभेखालची गोळी द्यायची नव्हती, कारण तिने रक्तदाब आणखी पडला असता. डॉक्टरांनी ईसीजीचा फोटो मोठ्या दवाखान्यातल्या हृदयाच्या डॉक्टरांना पाठवला आणि फोन कानाला लावून खिडकीशी उभे राहिले. मी तिला विचारत होते, कधी डोक्याला मार लागला होता का, कधी अर्धांग झालं होतं का, पोटातून कधी रक्त गेलं का, एवढ्यात काही ऑपरेशन. ती प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती, नाही, नाही. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध द्यायचं तर हे विचारल्याशिवाय देता येत नाही. फोनवरून होकार आला. औषध आमच्याकडे होतं. मी ते सावकाश शिरेत सोडलं, एका हाताने तिचं मनगट धरून, डोळे मॉनिटरवर ठेवून.

या सगळ्यात पलीकडे म्हाताऱ्याचा आवाज हळूहळू कमी होत गेला. दुखणं ओसरल्यावर माणसाला जी थकलेली गुंगी येते, तीत तो पडला होता. मग त्याने कूस बदलली. पडदा अर्धा उघडा होता.

"ती खंय गेली?" त्याने मावशीला विचारलं.

"हयच आसा," मावशी म्हणाली.

त्याने डोळे बारीक करून पाहिलं. "तिका कित्याक वायरी लावल्यात?"

मावशी माझ्याकडे बघू लागली. मी त्याच्या उशाशी गेले आणि बसले. उभ्याने सांगायची ती गोष्ट नव्हती. "काकानू, तिच्या हृदयाक रक्त कमी पडता. औषध दिलेला आसा. पण तिका गोव्याक न्हेवचा लागतला. आताच."

त्याने नजर वर पंख्याकडे नेली. "ती कदी सांगणा नाय," तो म्हणाला. "पोर झाला तेवाय सांगूक नाय. मी रापणीवर होतंय. घराक इलंय, तर पोर न्हाऊन निजला होता."

ॲम्ब्युलन्स आली. तिच्याबरोबर एक तरुण डॉक्टर होता. आमचे डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही पण जा. हे औषध दिल्यानंतरचा पहिला तास वाईट असतो." मी मावशीला सांगून संध्याकाळच्या सिस्टरला लवकर बोलवायला लावलं आणि चपला घातल्या.

काकीला स्ट्रेचरवरून बाहेर नेताना म्हातारा उठून बसला होता. त्याला पलंगावरून उतरायला मनाई केली होती, पण तो उतरला. एका हाताला सलाइन, ती बाटली मावशी वर धरून मागे मागे. गाडीच्या दाराशी तो उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही.

"तुमी काय खातलास?" तीच बोलली. "भात केलंय, पण कालवण नाय. बाजारातसून येवन करतलंय म्हटलंय, तर तुमची ही तऱ्हा."

"मी जेवतलंय," तो म्हणाला. "कायतरी जेवतलंय मी. तू जा."

"जेवा हां," ती म्हणाली. दार लागलं.

त्या प्रवासाचं मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. कसालपर्यंतचा रस्ता वळणावळणांचा, दोन्ही बाजूंना काजूच्या बागा. उतरत्या उन्हाचे पट्टे गाडीत येत आणि तिच्या चादरीवरून सरकत जात. उजेड, सावली, उजेड, सावली. मॉनिटरचा आवाज एका लयीत चाललेला. तरुण डॉक्टर रक्तदाब घेत होता, मी तिच्या पायाशी बसून तिचा चेहरा पाहत होते. औषधाने आणि थकव्याने तिचे डोळे जड झाले होते.

"गो बाय," ती म्हणाली, "होडी कसली हलता."

"काकी, ही गाडी आसा. कसाल येता आता."

"हां," ती म्हणाली, पण पटल्यासारखी नाही.

कसाल मागे पडलं, हायवे लागला आणि गाडी सरळ पळू लागली. तिथेच कुठेतरी मॉनिटरची लय बदलली. आवाजांमधलं अंतर वाढत गेलं. मी मनगट धरलं, नाडी बोटांखालून निसटत होती. तिचा चेहरा पुन्हा त्या राखेच्या रंगाचा झाला. तरुण डॉक्टरने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. त्याने औषधाचं नाव घेतलं, मी ते आधीच भरत होते. तिचे पाय वर उचलून माझ्या गुडघ्यांवर घेतले, सलाइनचा वेग वाढवला, इंजेक्शन शिरेत गेलं. आणि आम्ही वाट पाहिली. ड्रायव्हर पुढून काही विचारत होता. खिडकीतून आंब्याचा मोहोर गळून गेलेली झाडं मागे मागे जात होती, आणि मला आठवतं की त्या क्षणी मला कुठलीच घाई वाटत नव्हती. जे करायचं ते केलं होतं. तिचे गार पाय मांडीवर होते आणि मी ते नुसते चोळत होते.

मग लय परत आली. आधी एक ठोका, मग एक, मग चालायला लागल्यासारखे पाठोपाठ. काही वेळाने तिने डोळे उघडले.

"पाणी किती निवळ आसा," ती म्हणाली.

"खंयचा पाणी, काकी?"

"धामापूरचा. तळ्याचा. माझा म्हायार थंयचा." तिने डोळे पुन्हा मिटले. "पायऱ्यांर बसल्लंय. आये माझी खाली धुणा धुवत होती. माका म्हणाली, तुझी पाटी खंय आसा? मी म्हटलंय, मासळी संपली."

मीही धामापूरकडचीच. त्या तळ्याच्या पायऱ्यांवर मी लहानपणी पाय सोडून बसले आहे, पाण्यात उलटं पडलेलं देवीचं देऊळ पाहत. पण मी तिला ते सांगितलं नाही. तिची आई आणि ती तिथे होत्या, मध्ये मी कशाला जायचं. मी एवढंच विचारलं, "छातीत जड वाटता काय आता?"

तिने आत कान लावल्यासारखं केलं. "नाय," ती नवलाने म्हणाली. "गेला ता."

नव्याने काढलेल्या ईसीजीत ती चढलेली रेघ बरीचशी खाली वाटेवर आली होती. तरुण डॉक्टरने कागद मला दाखवला आणि तो बाटलीतलं पाणी एका दमात प्यायला.

गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात तिला आत घेतलं तेव्हा दिवेलागण झाली होती. तिथल्या सिस्टरला मी सगळं सांगितलं: दुखणं कधीपासून, औषध कधी दिलं, नाडी कधी पडली, कशाने सुधारली. ती कोंकणीत प्रश्न विचारत होती, मी मालवणीत उत्तरं देत होते. दोघींना दोघींचं कळत होतं. काकीला आत नेताना तिने माझा हात धरून ठेवला आणि म्हटलं, "तेंका फोन कर. जेवले काय विचार."

मी परतीच्या गाडीतून फोन केला. मावशीने उचलला. म्हाताऱ्याचं दुखणं थांबलं होतं, सोनोग्राफी उद्या होणार होती. पुतण्याने घरून डबा आणला होता. "जेवले," मावशी म्हणाली. "रडत रडत जेवले, पण जेवले."

त्याचा खडा पुढे पाणी पिऊन पिऊन आपोआप पडला. तिला गोव्यात एक स्टेंट बसवला आणि काही दिवसांनी घरी सोडलं. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, कधी पुतण्याकडून, कधी बाजारातल्या बायकांकडून. गोळ्या न्यायला ती आमच्याकडे आली तेव्हा नेमकी माझी सुट्टी होती.

मग एका सुट्टीच्या दिवशी मीच आचऱ्याला गेले. बोलावणं आलं होतं, आणि मलाही जायचं होतं. माडांमधून वाट, टोकाला कौलारू घर, अंगणात वाळत टाकलेली जाळी. काकी ओट्यावर बसली होती आणि आत तोंड करून सूचना देत होती. आत म्हातारा विळीवर नारळ खवत होता.

"बारीक खवा," ती म्हणत होती. "आणि मीठ उगीच ओतू नका, माका वर्ज्य आसा."

"तूच ये आणि कर," आतून आवाज आला.

"डॉक्टरान उठू नको सांगलेला आसा."

"डॉक्टरान चलूक सांगलेला आसा. माका म्हायत आसा."

ती माझ्याकडे बघून हसली. चेहऱ्याला रंग होता. उन्हात बसणाऱ्या बाईचा, तांब्यासारखा. आता ती बाजारात रोज जात नाही. जाते त्या दिवशी मासळीची पाटी तो उचलतो, आणि ती मागून रिकाम्या हाताने चालते. सुरुवातीला तिला त्याची फार लाज वाटत होती, असं ती म्हणाली.

जेवण झाल्यावर म्हातारा हात पुसत बाहेर आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. काहीतरी मनात घेऊन आल्यासारखा दिसत होता.

"बाय," तो म्हणाला, "त्या दिवशी मी तिच्या मांडयेर निजलेलंय. आचऱ्यापासून थंयसर. माका कळूक नाय. तुका कसा कळला?"

मी म्हटलं, "काकानू, तुमी दुखण्यान बेजार होतास."

"ता ऱ्हवांदे. माका दाखव. कसा बघूचा असता ता."

तेव्हा मी त्याला दाखवलं. शास्त्रातलं सगळं नाही, घरात चालेल एवढंच. हात गार आणि ओला लागतो का. रंग उतरलाय का. बोलताना मध्ये थांबावं लागतंय का. पित्त म्हणत असेल आणि जबडा किंवा पाठ भरून येत असेल, तर ते पित्त समजायचं नाही. आणि ती काही नाही म्हणाली, तरी गाडी बोलवायची. मग त्याची तीन बोटं घेऊन तिच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवली. जाळी ओढून ओढून त्याची बोटं इतकी निबर झाली होती की त्याला काही लागेना. तो दाबत होता.

"चेपू नका," ती म्हणाली. "मासो न्हय ता."

"गप रव," तो म्हणाला.

त्याने बोटं सैल केली. अंगणात जाळी वाऱ्याने हलत होती, कुठेतरी कोणी होडी दुरुस्त करत असल्याचा ठोकण्याचा आवाज येत होता. तो डोळे मिटून बसला होता. मग त्याचे ओठ हलायला लागले. तो मोजत होता. मोजता मोजता ओठ थांबले, तरी त्याने बोटं काढली नाहीत. काकी आधी त्याच्याकडे बघत होती, मग लाजून दुसरीकडे, माडांकडे बघू लागली.

"बरा चलता काय?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"चलता," तो म्हणाला.

मी निघाले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. त्यांनी मला पिशवीभर कोकम दिलं, मी नको नको म्हणत घेतलं. एस. टी. यायला वेळ होता. थांब्यावर एक बाई मूल घेऊन बसली होती, मुलाला खोकला होता. मी जरा वेळ त्याच्या बरगड्यांकडे पाहिलं. श्वास मोकळा होता. मी पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे मिटून बसची वाट पाहत राहिले.